कांद्याच्या यार्डातलं कन्नड

नाना, आज ऑफिसात पुण्याहून नवीन आलेली एक मुलगी कॅन्टीनच्या खिडकीपाशी उभी होती. पुढचा माणूस ताट घेऊन बाजूला झाला तरी ती पुढे सरकेना. तिचे ओठ नुसतेच हलत होते. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. मागच्याला घाई होती, त्याने मधून हात घालून आपली इडली घेतली आणि तिचं वाक्य तोंडातच राहिलं. शेवटी तिने बोटाने काहीतरी दाखवलं, मिळालं ते घेतलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्याबरोबरच नोकरीला लागलेला मुलगा मात्र पहिल्या आठवड्यापासून 'स्वल्प अडजस्ट माडि', म्हणजे जरा सांभाळून घ्या, म्हणत सगळीकडे हिंडतो. तेवढ्या एका वाक्यावर त्याने निम्मं बंगळूर खिशात घातलंय. त्याला पाहिलं की तुम्ही आठवता आणि तिला पाहिलं की मी. आज दोघं एकाच रांगेत होती. मला जेवण गेलं नाही.

आपण इथे आलो तेव्हा मी सहावीत जाणार होते. लासलगावकडच्या कांदा व्यापाऱ्यांनी तुम्हाला त्यांचा माणूस म्हणून इथल्या यशवंतपूरच्या बाजार यार्डात पाठवलं होतं. आलेले ट्रक उतरवून घ्यायचे, लिलावाला उभं राहायचं आणि भाव कळला की एसटीडी बूथवरून गावाला फोन करायचा, हे तुमचं काम. कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं, पण त्याची चिंता तुम्हाला एक दिवसही वाटली नाही. तुम्ही युक्ती शोधून काढली: मराठी शब्दापुढे 'माडि', म्हणजे 'करा', लावलं, की झालं कन्नड. 'गोणी उचल माडि.' 'वजन नीट माडि.' हमाल पोट धरून हसायचे आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने तुम्ही हसायचात. दिसेल त्याला 'ऊट आयिता?', म्हणजे जेवण झालं का, हे विचारायचं आणि उत्तर कळो न कळो, तिथेच उभं राहून पुढचं ऐकायचं. दिवाळीपर्यंत तुम्हाला यार्डातल्या प्रत्येकाच्या घरची बातमी ठाऊक होती. कुणाच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, कुणाच्या मेव्हण्याचं भांडण, सगळं. व्याकरणाचा पत्ता नव्हता, पण लोक तुम्हाला अण्णा म्हणायला लागले होते. संध्याकाळी घरी येऊन तुम्ही दिवसभरातल्या चुका आईला करून दाखवायचात आणि ती पोळी लाटता लाटता हसायची.

माझं सगळं उलटं. शाळेत कन्नड सक्तीचं होतं. मी ते लिहायची बऱ्यापैकी, पण बाईंनी उभं केलं की अडायचं. मला वाक्य आधी पुरतं जुळवावं लागायचं, आतल्या आत दोनदा म्हणून पाहावं लागायचं, आणि ते तयार होईपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असायचा. बाईंनी तुम्हाला बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे, पण तोंड उघडत नाही." घरी येताना तुम्ही वाटभर एकच पालुपद धरलं होतं, "अगं, चुकलं तर काय जीभ झडेल?" मला हे कसं सांगावं ते कळेना, की चुकण्याची लाज तर होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती सगळ्यांनी एकदम माझ्याकडे वळून बघण्याची. तुम्हाला लोकांनी वळून बघितलं की चेव यायचा. एकाच घरात इतकी वेगळी माणसं कशी निपजतात, देव जाणे.

मग सुट्टीत तुम्ही मला यार्डात न्यायला लागलात, भीड चेपावी म्हणून. तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. कांद्याची फोलपटं उडताहेत, ट्रकच्या सावलीत हमाल टेकलेत, आणि तुम्ही सगळ्यांदेखत मला फर्मावता, "जा, चहावाल्याला दोन चहा सांगून ये. कन्नडमध्ये." मी जाते. 'एरडु टी कोडि.' तीनच शब्द, वाटेत मी ते चांगले घोटलेत. पण चहावाला मला बघतो, अण्णांची मुलगी म्हणून ओळखतो आणि मी तोंड उघडायच्या आत दोन ग्लास पुढे ठेवतो. ते ग्लास घेऊन मी परत येते. तुम्ही विचारता, "सांगितलंस?" मी खरं तेच सांगते, नाही. आणि तुम्ही हमालांकडे बघून, हसत हसतच, म्हणता, "मुकी आणलीय मी गावाकडून. बोलणाऱ्याची माती खपते बाई, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं." सोनं हा शब्द त्यात होता, हे मला फार पुढे लक्षात आलं. त्या दिवशी मुकी एवढंच ऐकू आलं. मी चहा प्यायले नाही आणि घरी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. माझं न बोलणं तुम्हाला वेगळं असं जाणवलंही नसेल.

पण जाणवलं असावं. कारण त्याच आठवड्यात तुम्ही एक छोटा ट्रान्झिस्टर आणलात, मला दिलात आणि दुसरीकडे बघत म्हणालात, "बोलू नकोस, पण ऐक तरी." तुमच्यासारख्या बोलघेवड्या माणसाने माझ्यासारखीला दिलेली ही सगळ्यात समजूतदार वस्तू. मी ऐकत राहिले. बातम्या, शेतीचे कार्यक्रम, नाटकं, कुणाच्या तरी मुलाखती. खालच्या मजल्यावरच्या कन्नड अज्जी अंगणात कुणाशी बोलत असल्या की जिन्यात बसून ऐकायची. कॉलेजात गेले तोवर मला कन्नडमध्ये स्वप्नं पडायला लागली होती. आणि तुमच्यासमोर मी अजून एकही कन्नड वाक्य बोलले नव्हते. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "हिला अजून येत नाही, लाजते." मी ऐकून घ्यायची. एकदा चांगलं, लांबलचक, बिनचूक बोलून तुम्हाला चकित करायचं असं ठरवलं होतं. योग्य दिवस येईल, असं वाटत होतं.

मग मी कॉलेजात असतानाच एका उन्हाळ्यात तुम्ही लिलाव चालू असतानाच खाली बसलात. अर्धांगाचा झटका. तुम्ही वाचलात, पण जीभ जड झाली. मराठी वाकडीतिकडी, तुटक यायची, कन्नड मात्र गेलं. नुसतं बोलायचं नाही, समजायचंही गेलं. डॉक्टर म्हणाले, नंतर शिकलेली भाषा कधी कधी अशी पुसली जाते, कधी परत येते, कधी नाही. मला पटेना. तुमचं कन्नड मी कधी शिकलेली भाषा मानलंच नव्हतं. तो तुमचा स्वभाव होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी यार्डातली माणसं दवाखान्यात आली. हमालांचा मुकादम, त्याला सगळे मेस्त्री म्हणत; शिवाय तो चहावाला आणि दोघं आडते. कॉटभोवती उभे राहून एकदम बोलायला लागले. तुम्ही त्यांच्या तोंडांकडे बघत होतात. उत्तर येईना म्हणून ते आणखी मोठ्याने बोलायला लागले, बहिऱ्याशी बोलावं तसे. तुमच्या डोळ्यांत भीती दिसली, नाना. माणसांची भीती, तुमच्या डोळ्यांत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी बोलले. काही जुळवलं नाही, घोटलं नाही. कधी झालं, कसं झालं, डॉक्टर काय म्हणतात, आणि त्यांना आता तुमचं बोलणं कळत नाही, तर आवाज चढवू नका, जवळ बसा, हात धरा. सगळं एका दमात. चौघंही एकदम माझ्याकडे वळले. मग चहावाला म्हणाला, "अय्यो, इवळिगे कन्नड बरुत्ता!" हिला कन्नड येतं की! आणि चौघंही डोळे पुसत हसले.

तुम्ही मात्र माझ्या तोंडाकडे बघत होतात. इतकी वर्षं ज्याची वाट बघितलीत ते तुमच्यासमोर चाललं होतं, आणि तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. सगळे हसले ते बघून, जरा उशिरा, तुम्हीही हसलात. ते हसणं माझं होतं, नाना. शाळेत, अंगणात, यार्डात मी तस्संच हसायची. ते तुमच्या तोंडावर बघून मला रडू आवरेना.

निघताना मेस्त्री तुमचा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी बोलला. तो गेल्यावर तुम्ही कष्टाने विचारलंत, "काय... म्हणला?" मी मराठीत वाक्य जुळवायला लागले. आपल्या घरात असलं कुणी कुणाला तोंडावर बोलत नाही. मला शब्द सापडेनात, तुम्ही वाट बघत होतात, आणि मी म्हटलं, "लवकर बरे व्हा म्हणाले." भाव पडल्याचं कळल्यावर हलवायचात तशी तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. पुढचे काही दिवस डबा घेऊन येताना मी बसमध्ये ते वाक्य नीट लावत होते. कधी तुम्ही झोपलेले असायचात, कधी आई जवळ असायची. मग दुसरा झटका आला.

मेस्त्री म्हणाला होता, "अण्णा, आख्ख्या यार्डात तुमच्याइतकं वाईट कन्नड कुणाचं नव्हतं. पण माझी बायको आजारी होती तेव्हा रोज तिची चौकशी त्याच कन्नडमध्ये व्हायची. आता सगळे बरोबर बोलतात आणि कुणी काही विचारत नाही. तुम्ही या. चुकीचंच बोला, पण या."

लिहून झाल्यावर आता मेस्त्रीचं हे बोलणं तुमच्या फोटोसमोर मोठ्याने वाचायला उभी राहिले होते. 'अण्णा' म्हटलं आणि पुढे आवाज फुटला नाही.