कुंपणावरची पॅन्ट आणि गप्प बसण्याचा हक्क

ती. भाऊजींना साष्टांग नमस्कार,

खोकला कमी झाला असेलच. इकडे सगळे धडधाकट, शिलाई मशीन तेवढं कुरकुरतं. तुम्ही आरोपींच्या हक्कांवर भाषण द्यायला बाहेरगावी गेलात असं ताई म्हणाली. पत्र तुमच्या कारकुनाकडे देतोय. (तुम्ही कुठे आहात हे त्याला ठाऊक नाही, पण पत्र पोचेल म्हणतो. हुशार माणूस!)

शंका तुमच्याच विषयातली आहे. परवा बाजारामागच्या जुगाराच्या क्लबवर धाड पडली. खेळणारे मागच्या कुंपणावरून पळाले आणि एकाची पॅन्ट तारेत अडकून राहिली. (तो पुढे घरी कसा गेला, याचं मला फार कुतूहल आहे.) आत माझ्या दुकानाच्या नावाची पट्टी, म्हणून आज मला ठाण्यात बोलावलं. फौजदारसाहेब म्हणाले, पट्टी तुझी म्हणजे पॅन्टही तुझीच, तूच पळालास. मला तुमची शिकवण आठवली, की स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती राज्यघटना कोणावरही करू देत नाही. मी मूग गिळून बसलो. चहा घेणार का विचारलं, तरी बोललो नाही, तेव्हा चहाही गेला. मग हवालदाराने पॅन्ट उलटी केली आणि म्हणाला, "काय गचाळ शिवण आहे, लगेच उसवली!" भाऊजी, हे ऐकून मेलेला शिंपीसुद्धा उठून बसला असता. मी ओरडलो, "नीट बघा, कापड फाटलंय! माझी शिवण जागची हललेली नाही!" झालं, पितळ उघडं पडलं. माणसाला गप्प बसता येतं, पण त्याच्या हातच्या कामाला तो हक्क आहे का?

मग साहेबांनी पॅन्ट घालून दाखवायला लावली. (असं लावता येतं का, तेही कळवा.) तिच्यात मी आणि हवालदार दोघेही मावलो असतो. साहेब हसून म्हणाले, "जा, तू आरोपी नाहीस, साक्षीदार आहेस. पॅन्ट कोणाची ते उद्या येऊन सांग." म्हणजे आरोपी होतो तोवर गप्प बसायची सोय होती, निर्दोष ठरलो आणि तीही गेली! खोटं बोलावं तर मी आत जाणार, खरं बोलावं तर घरचाच माणूस जाणार. मला खरोखर भीती वाटते आहे, भाऊजी.

तुमचा मेहुणा

ता. क. पॅन्ट तुमची आहे. मी शिवलेलं विसरत नाही. उद्या ठाण्यात या, पण वकील म्हणून नको. येताना एखादा वकील घेऊन या.

पुन्हा ता. क. ताईला मी काही सांगितलेलं नाही, पण बाजारभर पॅन्टचीच चर्चा आहे. मघाशी ती दुकानात आली, त्या पॅन्टसारखंच करड्या रंगाचं कापड टेबलावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता उभी राहिली. मी उगाच टेप शोधत बसलो. जाताना तिने डोळे पुसले. ठाण्यात काय बोलायचं ते तुमचा वकील ठरवील. तिच्यापुढे मात्र गप्प बसू नका.