तीच साडी तिघींना

अण्णा, आज कारखान्यात मी तुमच्यासारखं बोलले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

शहागंजच्या साड्यांच्या दुकानात तुम्ही गादीवर बसून गिऱ्हाइकांना साड्या दाखवायचात. दहावीच्या सुट्टीत मी तिथं येऊन बसायची. एका दुपारी तुम्ही एकच जांभळी साडी तिघींना दाखवलीत. देवगाव रंगारीच्या आजींना म्हणालात, "माय, हात लावून बघ. पयल्या धुण्यात काठाचा रंग जातो बरं का, येगळी धू." दुसरीला, "आपा, कपडा अच्छा है, पर किनार का रंग पैले छूटता, अलग धोना." कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंपुढं तर साडी उलगडून गप्पच बसलात. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, तेव्हा "पहिल्यांदा वेगळी धुवा," एवढंच. मला भारी लाज वाटली. घरी जाताना मी फटकन म्हणाले, "तिघींशी तीन तऱ्हांनी बोलता, म्हणजे तुम्ही खोटं बोलता." तुम्ही चिडला नाहीत. "काठ कच्चा हाय, हे तिघींना सांगितलं का नाय? मग खोटं काय झालं, पोरी?"

आता मी चिकलठाण्याच्या कारखान्यात सुरक्षा बघते. आमच्या प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच मशीन खाली येतं, म्हणजे हात आत राहत नाही. एक ऑपरेटर त्यातलं एक बटण दोरीनं दाबून बांधून ठेवायचा. मी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून, पडद्यावर नियम दाखवून, शुद्ध भाषेत तासभर बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आज सकाळी त्याचा हातमोजा प्रेसखाली गेला. नशीब, हात त्यातून निसटला होता. मी सरळ त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "दादा, बटण कशापायी बांधता?"

"मॅडम, खांदा लई दुखतो. ते बटण लई उंच हाय."

दुपारपर्यंत बटण खाली घेतलं. त्यानं स्वतःच दोरी सोडून माझ्या हातात दिली. ती पर्समध्ये आहे. त्या माणसाची बोटं यापुढं तुमच्यामुळं शाबूत राहतील, अण्णा, आणि मी तुमची फार ऋणी आहे.

एक मात्र राहिलंच. त्या सुट्टीनंतर मी घरात मुद्दाम पुस्तकी बोलू लागले. मग तुम्हीही माझ्याशी जपून बोलायला लागलात. 'हाय' म्हणता म्हणता अडखळून 'आहे' म्हणायचात, अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा. मला ते कळत होतं. मी कधी थांबवलं नाही.