डोंगरावरच्या चिंध्या आणि तुमचे शर्ट

तीर्थस्वरूप दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. (दर पत्रात सवयीने घालतो तो हा नव्हे. हा खरोखर पालथं पडून घातलाय असं समजावं. पडलोही असतो, पण या खोलीत दोन खाटांमध्ये तेवढी जागा नाही.) तुम्ही आणि ताई बरे असालच. तुमचा डावा गुडघा कसा आहे? गेल्या वर्षीच्या सहलीत आपण वर बसलो होतो तिथे राहिलेल्या लिमलेटच्या गोळीच्या कागदासाठी मी तुम्हाला सगळ्यांदेखत अर्धा डोंगर परत चढायला लावलं, तेव्हापासून तो कुरकुरतो असं ताई म्हणत होती. ही चौकशी मी वर्षभर टाळली. आज करतोय, म्हणजे इकडे काहीतरी बिनसलंय हे तुम्ही ओळखलंच असेल.

इकडे उत्तरेच्या डोंगरात मी आणि आमची ही ज्या घरात उतरलोय ते एका बाईंचं आहे. पाहुण्यांसाठी दोन खोल्या, मागे शेळ्यांचा गोठा. त्यांचे सासरे वरच्या उतारावर शेळ्या चारतात. वय झालंय, नजर अधू आहे, पण रोज उजाडायच्या आत निघतात. मी आल्याआल्या माझा 'डोंगरात कसे वागावे' हा चौदा नियमांचा कागद (तुम्हालाही दिला होता, तोच, हिंदीत उतरवून) त्यांच्या दारावर चिकटवला. त्यांच्याच दारावर, दाजी! चार पिढ्या इथे राहिलेल्या माणसांच्या! बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला, छान आहे म्हणाल्या आणि पाण्याची घागर उचलून आत गेल्या. मला वाटलं, प्रभाव पडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फिरायला निघालो तर वाटेवर प्रत्येक वळणाला झुडपांवर चिंध्या. लाल, पिवळ्या, पांढऱ्या. एका झाडाला तर गंजका डबा लोंबत होता आणि वाऱ्याने खडखडत होता. एकतीस वर्षं नगरपालिकेत सफाई निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाचं अशा वेळी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. दुपारपर्यंत मी दोन पोती भरली. डब्याची गाठ सुटेना, ती सुरीने कापली. आमची ही मागून सारखी म्हणत होती, अहो, हे पडलेलं नाही, बांधलेलं आहे, कुणालातरी विचारा तरी. त्यावर मी तिला नागरिकांच्या कर्तव्यावर अर्धा तास ऐकवलं. (उतारावर. ती दमली होती.) पोती खाली जाणाऱ्या कचऱ्याच्या गाडीत चढवली, गाडीवाल्याची सही घेतली, आणि पोत्यांसोबतचा माझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पहिला अंगठा तुमचा आला. तो अजून टोचतोय.

दुपारनंतर धुकं उतरलं. शेळ्या आपापल्या घरी आल्या. म्हातारबाबा आणि एक बांडी शेळी तेवढी आली नाही. बाई पहिल्या वळणापर्यंत धावल्या, आम्ही दोघंही मागोमाग. त्यांनी झुडूप हाताने चाचपलं आणि विचारलं, इथली लाल चिंधी कुठाय? आणि दाजी, मी म्हणालो, वाऱ्याने उडाली असेल. हे मी म्हणालो. मग त्या स्वतःशी बोलल्यासारखं सांगत गेल्या: लाल म्हणजे डावीकडे कडा, पांढरी म्हणजे पाणी, पिवळी म्हणजे घराची वाट, आणि धुक्यात काहीच दिसेनासं झालं की डब्याचा आवाज. बाबांना एवढ्या रंगांचंच दिसतं. हे ऐकूनही मी पाव तास मूग गिळून गप्प बसलो. एक माणूस कड्याजवळ चाचपडतोय हे कळत होतं, आणि मी आपली अब्रू सांभाळत होतो. आमची ही माझ्याकडे नुसती बघत होती. शेवटी तिच्या त्या बघण्याला भिऊन मी सगळं ओकलो. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घरातून थाळी आणि पळी आणून माझ्या हातात दिली. दोन तास मी थाळी बडवत हाका मारत हिंडलो.

म्हातारबाबा कड्यापासून वीसेक पावलांवर एका दगडावर बसलेले सापडले. पाय मुरगळला होता. खूण सापडेना म्हटल्यावर असतील तिथेच बसून राहिले होते. मी हात जोडले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझी कशाला माफी मागतोस? चिंध्या हिनंच खाल्ल्या म्हणून दुपारपासून या बांडीला शिव्या घालतोय मी. हिची माग." मागितली, दाजी. हात जोडून मागितली. तिने माझ्या बाहीचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आता परिस्थिती अशी आहे. तीन आठवड्यांत बर्फ पडेल. त्याआधी वाट पुन्हा बांधून झाली नाही तर बाबांना बर्फाआधीच्या शेवटच्या चराईला वर जाता येणार नाही, आणि तोवर शेळ्या दावणीला आहेत. बाई एकट्या त्यांच्यासाठी गवत कापून आणताहेत. म्हणून आम्ही मुक्काम वाढवलाय. बाबा माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत येतात, काठीने जागा दाखवतात, मी बांधतो. माझ्या निम्म्या गाठी ते सोडायला लावतात. डब्याच्या जागी माझा जेवणाचा डबा टांगलाय. आवाज जरा पोकळ आहे म्हणतात. माझे बनियन पांढऱ्या खुणांना लागले. हिची लाल शाल कड्याच्या वळणावरच संपली. दारावरचा कागद मी काढून टाकला. चौदा नियमांत 'आधी विचारा' एवढंच लिहायचं राहिलं होतं.

ताईला नमस्कार. एवढ्यात काही सांगू नये.

तुमचा मेहुणा
(ज्याला तुम्ही पाठीमागे 'साहेब' म्हणता, ते ठाऊक आहे, आणि बरोबरच आहे)

ता. क. माझे उरलेले सगळे कपडे राखाडी, म्हणजे धुक्याच्याच रंगाचे. (नियम सहावा: निसर्गात भडक रंग टाळा.) तुमचे जे शर्ट मी चारचौघांत नावं ठेवून ठेवून तुम्हाला घालायचे बंद करायला लावले, ते ट्रंकेत असतील तर कृपया लगेच पाठवावेत. तो हळदीसारखा पिवळा, आणि विशेषतः तो लालभडक. लाल तुकडा आता एकही उरलेला नाही.

ता. क. दुसरा. ग्रुपवरचा तो फोटो तुम्ही म्हणे वर्तमानपत्राला पाठवणार आहात. पाया पडतो, पाठवू नका.

ता. क. तिसरा. गेल्या वर्षीचा तो गोळीचा कागद माझा होता. परतताना गाडीत खिशात हात घातला तर तसल्याच चार गोळ्या निघाल्या. तुम्ही तेव्हा एकदाच, हळू आवाजात म्हणाला होतात की मला साखर चालत नाही, आणि मग काठी घेऊन चढायला लागलात. मी ऐकलं होतं. आता शर्ट पाठवायचे की नाही ते तुम्ही ठरवा. लाल तेवढा पाठवाच. तो बाबांना हवाय, मला नव्हे.