दफा त्रेसष्टचं दूध

न्हाय, म्या माफीनामा लिहून देणार न्हाय. तुमी तसं इचारलं न्हाय, पर मनात आलं असंल. आपल्या गावच्या कोंडवाड्यातून सवताची म्हैस सोडवून तुमच्या गोठ्यात आणून बांधली, ती चोरी कशी? कुलूप मोडलं, व्हय. कोंडवाडेवाला येडशीच्या टेसनावर गेलेला, दिवस बुडाला, त्याची वाट कोण बघंल?

आसो. वाशीला दाजी धोंडप्पांना बंडप्पाचा जेलातून शरणार्थ. तुमची तब्बेत बरी असंल, तुमच्याकडं ऱ्हायलेली आमची कारभारीण इरम्माबी बरी असंल. माझी लई बरी हाय. का, ते सांगतो.

तीन म्हैन्यांची कैद झाली त्याचं काई न्हाय. पर दप्तरात ‘बंडप्पा चोर’ लागलं, ते पुसायचं. त्याला अपील, अपीलाला मुदत तीस दिसांची. वकील म्हंजी लई सोपस्कार (एक वाक्य बोलायला तीनदा खाकरतो), तवा म्हणलं आपलं आपण लिवू. जेलाच्या दरोगाकडं कायद्याचं बुक आन् माझ्या खटल्याचे कागद मागितले. तो म्हणला, “बुड्ढे, समदं उर्दूत हाय. तुला वाचता येतंय व्हय?” म्या म्हणलं, “बोलता येतंय, वाचायला किती दिस लागत्याल?” हसला.

माझ्या खोलीत शरणप्पा म्हणून अर्ज लिवणारा व्हता (दुसऱ्याची सही केल्यापायी आलेला, पर अक्षर मोत्यावाणी). त्यानं बारा दिसांत अक्षरं शिकवली, आन् आकडे शिकवायच्या आदल्या दिवशी सुटून गेला. म्हणलं जाऊ दे, आकडे बाजारात बघून ठाव हायेत. भितीवर जेलाच्या नियमांचा तक्ता टांगलाय. दोन दिस मान मोडून तो उजवीकडून लावला. एका दफेत, म्हंजी कलमात, लिवलंय, कैद्याला अपीलासाठी बुक, कागद, शाई द्यावी. दफेचा आकडाबी उजवीकडूनच वाचला. उर्दू उजवीकडून, मग आकडा काय डावीकडून वाचतेत व्हय? (वाचतेत. एका वळीत माणसानं दोनदा तोंड फिरवायचं, ही लिपी हाय का झोका?) अर्जात पाल्हाळ लावला न्हाय: ‘दफा त्रेसष्टपरमाणं माझा हक्क द्यावा.’ बुकाची दफा व्हती छत्तीस. त्रेसष्ट म्हंजी अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज अर्धा शेर दूध.

मोठ्या साहेबानं न वाचताच मंजूर केलं. सकाळी दूध आलं, सायदार. म्या इचारलं, बुक कुठाय? शिपाई म्हणला, आधी पी. प्यालो.

सांजच्याला मोजणी झाली तर एक लेकरू कमी! दूध मांडताना कारकुनानं वहीत लेकरूबी मांडलेलं. दरोगा घामाघूम. कैदी पळाला तर नोकरी जाती, आन् इथं रांगतं लेकरू भितीवरून गेलेलं. (आमच्यातला एक म्हणला, “बापावर गेलंय, कुलूप मोडलं असंल.”) दरोगा गयावया करून म्हणला, “बाबा, अर्ज चुकला म्हणून लिहून दे.” म्या म्हणलं, “देतो की. लिवायला कागद-शाई पायजे. दफा बघायला बुक पायजे. कोण्या खटल्यातला कैदी ते लिवायला खटल्याचे कागद पायजेत.” घंट्यात समदं हाजिर. आधी अपील लिवलं. मुदतीच्या दोन दिस आधी गेलंबी, मंगळवारी सुनावणी हाय. मग सावकाश लेकराचा अर्ज लिवला. दूध मातर चालू हाय, कारण मंजुरी मागं घ्यायला साहेब दौऱ्यावरून यायला पायजे. अंगावर मूठभर मांस चढलंय.

तुमचा, बंडप्पा

ता. क. अपील गेल्यावर खटल्याचे कागद निवांत वाचले. (खटल्यात कारकून हेच वाचत व्हता, तवा म्या त्याला ‘पुढं चला’ म्हणलो.) कोंडवाड्यातून गेलेल्या म्हशीचं वर्णन हाय: डावं शिंग मोडकं. आपल्या म्हशीची दोन्ही शिंगं साबूत हायेत, दाजी. इरम्मानं मागं निरोप धाडलेला, म्हैस लाथा मारती, पान्हा सोडत न्हाय, आन् हिचं शिंग कवा मोडलं? म्या उलट तिलाच बोललो की तुझीच हयगय.

आणखी ता. क. आपली म्हैस अजून कोंडवाड्यातच उभी असंल. मंगळवारच्या आत मोडक्या शिंगाची परत करा, आपली सोडवा आन् पावती घेऊन अदालतीत या. चुकून नेली तर चोरी न्हाय, असंबी बुकात हाय, पर त्याला जनावर परत पोचलेलं पायजे. इरम्मा म्हणंल, म्या सांगितलं व्हतं. तिला म्हणावं, व्हय, सांगितलं व्हतं. याउपर म्या एक अक्षरबी बोलणार न्हाय.