नंबर नसलेली तक्रार

बाबा, त्या दिवशी तुम्ही माझ्या हातात दिलेल्या काळ्या पेनानं हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी आता नगरसेवकपदासाठी उभी आहे, आपल्याच वॉर्डातून, त्याच माणसाविरुद्ध. भाषणं हिंदीत करते, मध्येच छत्तीसगढीतही. पण राग मला अजून मराठीतच येतो, म्हणून हे तुम्हाला.

माझ्या प्रचाराच्या पर्च्यावर शहराच्या पाच कामांची यादी आहे. बाजारात बायकांसाठी संडास, शाळेच्या रस्त्यावर दिवे, टेम्पो वळतात त्या चौकात थांबा, प्रत्येक वॉर्डात एक तक्रारवही. आणि या सगळ्यांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, कंपनीच्या टाउनशिपच्या भिंतीखालून आपल्या वस्तीत येणारी सांडपाण्याची नाली. माझा प्रचार दीर बघतो. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "वैनी, नालीवर कोनी मत देते काय? पयले लाइट लिवा. लाइट दिसते लोकाईले." मी म्हटलं, "नालीच पयले." त्याला वाटलं, माझं तत्त्व आहे. सभेत मीही तसंच सांगते, मूठ आपटून सांगते, आणि टाळ्या पडतात. तुमच्यापाशी मात्र खोटं चालायचं नाही. मला नाली हवी आहे, कारण तिच्यावरून त्यानं तुम्हाला वाकवलं.

बोलायला मला तुम्हीच शिकवलंत, तेही घरी नाही, टाउनशिपच्या तक्रार ऑफिसच्या खिडकीमागे. शाळा सुटली की मी तिथं बाकावर बसायची, तुमची सुटी होईपर्यंत. कोणाचा नळ गळतोय, कोणाच्या छताचा पोपडा पडलाय. लोक रामायण सुरू करायचे आणि तुम्ही पेन वर धरून थांबवायचात. "रडू नका. काय, कुठं, कवापासून. बस." क्वार्टर नंबर, एक ओळ, खाली सही, दुसऱ्या दिवशी प्लंबर दारात. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच होतं. आजही माझं प्रत्येक भाषण त्या तीन शब्दांवर उभं असतं.

आणि त्याच बाकावरून मी ते बघितलं. दुपार आहे, पंखा कुरकुरतो आहे, खिडकीशी एक बाई उभी आहे, पदर कमरेला खोचलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलात. भिंतीपलीकडे राहणारी. टाउनशिपची नाली भिंतीखाली तुंबून पाणी तिच्या स्वयंपाकघरात शिरलं होतं. "बाबूजी, मोर रंधनी मा पानी भर गे हे." तुम्ही विचारलंत, "क्वार्टर नंबर?" ती म्हणाली, नंबर नाही, भिंतीच्या मागं राहते. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "नंबर नहीं तो कंप्लेंट नहीं, बाई," आणि पेनाला टोपण लावलंत. टक. तिनं पदर नीट खोचला. मग गेली. फरशीवर तिच्या पायांचे ठसे राहिले आणि तुम्ही शिपायाला पोछा मारायला सांगितलंत.

"कावून नाही लिवलं, बाबा?" मी विचारलं.

"वही आपल्या क्वार्टरवाल्याईची हाय. साऱ्या दुनियेचं लिवत बसलो, तर आपल्याईचं कवा करू?"

मग तुम्ही रिटायर झालात, क्वार्टर सोडावं लागलं, आणि आपण घर बांधलं ते नेमकं भिंतीपलीकडे. दुसऱ्याच वर्षी नाली अंगणात आली. तुम्ही सुंदर अक्षरात अर्ज लिहिलात: काय, कुठं, कवापासून. इस्त्रीचा शर्ट घातलात, मला सोबत घेतलंत. नगरसेवकाच्या बैठकीत दहा-बारा माणसं होती. त्यानं अर्ज उलटसुलट केला आणि विचारलं, "क्वार्टर नंबर कहाँ है, बाबूजी?" तुम्हाला वाटलं, त्याला कळलं नसेल. तुम्ही समजावू लागलात, की आता क्वार्टर नाही, स्वतःचं घर आहे. तो हसला. "नंबर नहीं तो कंप्लेंट नहीं. मेरी माँ को आपने यही कहा था ना? भूल गए?" सगळे हसले. त्यानं तुमच्या अर्जावर चहाचा कप ठेवला.

घरी येऊन तुम्ही खिशातून पेन काढलंत. "घे. मले आता याचं काम नाही." त्यानंतर तुम्ही कुठंच अर्ज केला नाहीत. शेवटची तीन वर्षं अंगणात विटा मांडून त्यांच्यावरून चालत राहिलात.

तुम्ही चुकला होतात, बाबा. हे मी कोणत्याही मंचावर कबूल करीन. त्याच्या आईची एक ओळ लिहिली असती तर तुमची शाई आटली नसती. पण त्यानं तुम्हाला एकट्याला बोलावून सुनावलं असतं, तर मी त्याचे पाय धरले असते. त्यानं माणसं जमवून सुनावलं, आणि पुढं एका म्हाताऱ्यावरचा राग साऱ्या वस्तीच्या अंगणात तुंबू दिला. मला त्याला नुसतं हरवायचं नाही. तो खुर्चीवरून उठताना लोक हसले पाहिजेत, त्या दिवशी हसले तितके तरी. माझ्या शब्दांनी माणसं पेटतात हे मला ठाऊक आहे, आणि रोज संध्याकाळी मी काडी ओढते.

प्रचारात मी तक्रारवही घेऊन घरोघरी जाते. परवा भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या गल्लीत गेले. एका दारात म्हातारी बसलेली होती. मुलगा नव्या बंगल्यात गेला, पण ती जुनं घर सोडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तिनं माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. "तैं ओ बाबू के नोनी हस ना?" मी हो म्हटलं, त्याच बाबूची मुलगी. तिनं शिवी दिली नाही. आत अजूनही ओल्या असलेल्या चुलीकडे बोट दाखवलं. "अभी घलो रंधनी मा पानी आथे. बेटा सुनय नहीं. तैं लिख ले, नोनी."

वही उघडी होती, पेन हातात होतं. काय, कुठं, कवापासून, तिन्ही मला पाठ होते. कवापासून तर तिच्याइतकंच मलाही ठाऊक होतं. दीर मागून म्हणाला, "लिवा ना, वैनी."

मी म्हटलं, "अम्मा, आपके घर में तो नगरसेवक है." आणि टोपण लावलं.

पुढच्या दारी मी जास्तच गोड बोलले. पर्च्यावर अजूनही नालीच पहिली आहे. फक्त कोणकोणत्या गल्ल्या, ते खाली बारीक अक्षरात छापायचं आहे, आणि तिची गल्ली त्यात मी अजून घातलेली नाही. उद्या छपाईला जाईल. हा कागद मात्र कुठंच जाणार नाही, म्हणून त्याच्यावर एवढं लिहून ठेवते: टोपण लागल्याचा तो आवाज, बाबा, मला आवडला.