निळांबेच्या पायरीवरच्या मुली

कोथरूड, पुणे
९ सप्टेंबर २००९

प्रिय अभय,

सप्रेम जय भीम.

मेल न करता हे कागदावर लिहिते आहे, कारण मेल वाचला की तू लगेच फोन करतोस आणि माझा मोबाइल हल्ली दिवसभर आईच्या उशाशी असतो. कुरिअरवाल्याने कॅनडाला सहा दिवस सांगितलेत. हातात पडलं की आधी शेवटपर्यंत वाच. माझा राग यायचा तो मग येऊ दे.

आईला जूनमध्ये कॅन्सर निघाला, स्वादुपिंडाचा. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची भाषा केली आहे. तुला कळवायचं नाही ही तिचीच अट होती. पाच वर्षं मीच बोलले नाही, आता मरायला टेकले म्हणून बोलावणं धाडू का, असं म्हणाली. बोलणं अजून तसंच आहे, माणूस मात्र निम्मं उरलंय. ऑफिसातून मी घरून काम करायची परवानगी घेतली आहे. सकाळी तिला थोडी पेज भरवते, मग तिच्या खोलीतच लॅपटॉप उघडून बसते. ती डोळे मिटून पडलेली असते, पण माझे कॉल सगळे ऐकते. परवा म्हणाली, तुझा तो मॅनेजर तुझ्यापेक्षा लहान आहे ना, मग त्याला सर काय म्हणतेस.

तुझ्या वहीचा तो दिवस तुला आठवत असणारच. तू नववीत होतास. दोनशेपानी वहीत तू एक आख्खा देश वसवला होतास, तळदेश. सुकलेल्या तळ्याच्या तळाशी राहणारी माणसं आणि त्यांची देवी निळांबा. मूर्ती नाही, नुसतं रिकामं दगडी आसन आणि खाली शंभर पायऱ्या. तिची गाणी, तिचे उपास, तिच्या नावाने घ्यायच्या शपथा, सगळं तू लिहिलं होतंस. आणि दर सात वर्षांनी प्रत्येक गावाने एक मुलगी द्यायची, तिने जन्मभर त्या पायऱ्यांवर बसायचं. मला ते इतकं आवडलं होतं की मीच कौतुकाने आईला वाचून दाखवायला घेतलं. ती पाटबंधारे खात्यातून नुकतीच आली होती, पर्ससुद्धा खांद्यावरच होती. 'ज्या घराने मुलगी दिली त्या घराला दुष्काळ शिवत नाही,' या वाक्यापाशी तिने माझ्या हातातून वही घेतली आणि शिवणीपाशी उभी फाडली. तू बघत होतास. आपल्या बापजाद्यांनी बाहेर काढली ती तू परत घरात आणतोस का, एवढंच म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. बाबांनी नंतर चिकटपट्टीने वही जोडून दिली, पण तू तिला पुन्हा हात लावला नाहीस.

मग तू कॉम्प्युटर शिकलास, तिकडे गेलास. निळांबेचा गेम निघाला तेव्हा इथल्या पेपरच्या पुरवणीत तुझा फोटो आला होता. त्यात पायऱ्यांवर निळ्या वस्त्रांतल्या मुली बसलेल्या दाखवल्या होत्या. आईने तो फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि त्याच रविवारी तुला फोनवर सांगितलं की या घरी पुन्हा फोन करू नकोस. आई देव मानत नाही म्हणून असं वागते, असं तू धरून चाललास. मीसुद्धा तेच धरलं. बाबा गेल्यावरही तुमच्यातलं ते मिटलं नाही आणि मी कधी खोलात गेले नाही.

जुलैत हॉस्पिटलमध्ये सलाईन चालू असताना ती छताकडे बघत म्हणाली, मला एक बहीण होती. थोडं थांबून म्हणाली, होती म्हणजे असेल.

तिचं नाव इंदू. आईपेक्षा चार वर्षांनी मोठी. आजोबांना विषमज्वर झाला तेव्हा आजीने नवस बोलला, आजोबा उठून बसले आणि नऊ वर्षांच्या इंदूच्या गळ्यात मणी बांधून तिला सीमेपलीकडच्या देवळात नेऊन सोडलं. आई तेव्हा पाच वर्षांची. तिला आठवतं ते एवढंच की इंदूला नवं परकर-पोलकं मिळालं आणि आपल्याला नाही म्हणून ती रडली होती. तीन वर्षांनी, छप्पन्न साली, घरादाराने दीक्षा घेतली. आजोबांनी देवघरातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. पांढरी साडी नेसलेली आजी किती वेगळी दिसत होती, ते आई अजून सांगते. त्या दिवशी तिने आजोबांना विचारलं, आता इंदूला आणायचं ना? ते म्हणाले, दिलेलं माघारी मागत नाहीत. आई मला म्हणाली, देव सोडले गं आम्ही, पोर मात्र त्यांच्याकडेच ठेवली.

हे इथवरच असतं तर तो आजोबांचा दोष म्हणता आला असता. पण नोकरी लागल्यावर, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, बाबांना ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं सांगून आई एकटी तिथे गेली होती. इंदू देवळामागच्या खोलीत राहत होती. आईला पाहिल्यावर तिने काही विचारलं नाही. दोन लुगडी आणि एक तांब्या गाठोड्यात बांधला आणि दारात येऊन उभी राहिली. आईचा धीर झाला नाही. सासरच्यांना काय सांगायचं, ऑफिसात काय सांगायचं, ही जोगतीण माझी बहीण म्हणून? पुढच्या महिन्यात येऊन नेते, म्हणाली. तो पुढचा महिना छत्तीस वर्षं आला नाही. ती आपल्याला सभांना नेत होती, गाथा पाठ करून घेत होती, कुणापुढे मान खाली घालायची नाही असं बजावत होती, तेव्हा हे तिच्या पोटात होतं. तुझी वही तिने खरं तर का फाडली ते मला त्या दिवशी कळलं.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, तिला घेऊन ये. मी गेले. कोल्हापूरपर्यंत एसटी, पुढे जीप. देवळामागच्या त्याच ओळीत मुक्ताबाई नावाच्या म्हाताऱ्या भेटल्या. त्या आणि इंदूमावशी शेजारीशेजारी राहायच्या. मावशी अकरा वर्षांपूर्वी गेली, अभय. कावीळ झाली होती, दवाखान्यात न्यायला कुणी नव्हतं. मुक्ताबाईंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "कुणावर रागवायची न्हाई ती. पुण्याला माझी बहीण हाय, सरकारी नोकरीत हाय, असं सगळ्यांना सांगायची." मी तो चहा तसाच ठेवून उठले.

परत आले तेव्हा आई खुर्चीत बसली होती. शेजारच्या उत्कर्षाकडून तिने केस विंचरून घेतले होते आणि इस्त्रीची साडी नेसली होती. माझ्या मागे कुणी आहे का ते वाकून बघत होती. जिन्यात मी खरं सांगायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं ते असं, की मावशीचे गुडघे गेलेत, एवढा प्रवास झेपणार नाही. आईने डोळे मिटले. मग विचारलं, रागावली आहे का? मी म्हटलं, नाही. ते तेवढं खरं होतं.

त्यानंतर रोज ती विचारते आणि रोज मी सांगते. मावशीने एक शेळी पाळली आहे, ती शेजारच्यांच्या तुळशीला तोंड लावते. मावशीचे पुढचे दोन दात पडलेत, पण भाकरी सोडवत नाही. गॅलरीत जाऊन मी बंद फोनवर मुक्ताबाईंशी बोलल्यासारखं करते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे कालचं आजच्याला जुळतंय ना, ते मी नीट तपासते. गेल्या आठवड्यात शेळीच्या गोष्टीवर आई हसली आणि हसता हसता तिला ठसका लागला. मी तिची पाठ चोळत होते आणि मला स्वतःची शिसारी येत होती. आता सांगावं, आता सांगावं, असं करत पाच आठवडे झाले.

पाच दिवसांपूर्वी तिने तुझी वही मागितली. बाबांच्या कपाटात होती. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, पण पानं धड आहेत. मी चार दुपारी तिला सगळी वाचून दाखवली. ते दुष्काळाचं वाक्य आलं तेव्हा मी अडखळले, तर तिनेच ते पुरं केलं. म्हणाली, चौदा वर्षांचं पोर, त्याला काय ठाऊक होतं. मग निळांबेबद्दल म्हणाली, ही बरी आहे, हिने खरंखुरं कुणाला नेलं नाही. आणि विचारलं, वहीत नाही, पण त्याच्या गेममध्ये तरी त्या मुलींना न्यायला कुणी येतं का? मी म्हटलं, मला माहीत नाही. मी तो गेम कधी खेळलेलीच नाही, अभय. भीती वाटायची.

म्हणून हे पत्र. एकोणीस तारखेला, तुझ्या वाढदिवशी, आई तुला फोन करणार आहे. तुमच्याकडे सकाळ असेल अशी वेळ तिने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे आणि मी आधी काही कळवायचं नाही अशी ताकीद दिली आहे. वहीबद्दल तिला तुझी माफी मागायची आहे. माफी मागायची सवय नाही तिला, तेव्हा मध्ये बोलू नकोस, पुरतं बोलू दे. मग ती तुला इंदूमावशीचं सांगेल, अगदी आनंदाने, शेळीसकट. तू गुडघ्यांची चौकशी कर. माझं खोटं उघडं पाडायचं असेल तर ते ती गेल्यावर पाड, तेव्हा मी कुठे लपणार नाही. आणि शेवटी ती तुला त्या पायरीवरच्या मुलींचं विचारेल. हो म्हण. येतं कुणीतरी न्यायला, म्हण. गेममध्ये तसं काही नसेल तर पुढेमागे घाल. तिथे ते तुला जमण्यासारखं आहे.

तुझीच ताई,
मैत्री