तालियाचं दुपटं

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ.
नातीचा आज सातवा दिवस. नात पुण्यात, मी केजमध्ये, तरी मला घास गोड लागत न्हाई. आनंदानं.
ह्यांच्या दुकानात खताच्या कंपनीची डायरी आलती. मला देऊन म्हणले, घे, धोब्याचा हिशेब लिही. ह्यांना, म्हणजे मन्मथप्पांना, वाटतं चौथी शिकलेली बाई काय लिहिणार. म्हणून मुद्दाम लिहितीय.
सोमेश्वरचा फोन आला. म्हणला, आई, बारसं केजलाच करू, चौदा डिसेंबरला. दुपटं तूच शिव आणि त्याच्यावर नाव भर. भरायचंय म्हणून फक्त तुला सांगतोय, बाकी कुणाला कळू द्यायचं न्हाई. मग सूनबाई शिवांजली फोनवर आली. म्हणली, आई, मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. तुमच्यावर विश्वास टाकतीय.
लग्नाला चार वर्षं झाली. पहिल्यांदा माझ्यावर काहीतरी टाकलं.
नाव तालिया. हिब्रू भाषेतलं. अर्थ देवाचं दव. देवानं बीड जिल्ह्याला पाऊस द्यायचा सोडून दव कावून दिलं, असं मनात आलं, पण हरभऱ्याला दव चांगलं असतं. चालंल. सूनबाईनं मोबाइलवर सर्च केलं, अख्ख्या जिल्ह्यात या नावाची एक पोरगी न्हाई म्हणे. एकदम युनिक.
हे म्हणतात तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई. आता बघाच.

तीच तारीख. दुपार.
छबुबाईला सांगितलं. पण ते सांगणं नव्हं. छबुबाई समोरच्या घरात राहती, पन्नास वर्षांची मैत्रीण, आणि सगळ्याला नुसतं बरं म्हणती. तिला सांगणं म्हणजे रांजणात सांगणं. म्हणलं, बघ कसलं नाव हाय. न्हाईतर तुझं. छबु! तुझ्यामागं एका तरी पोरीचं ठेवलं का कुणी? म्हशीचंबी ठेवत न्हाईत. ती म्हणली, बरं.
जळली असणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
माझं जुनं मऊ लुगडं फाडलं, घडी घातली, कड दुमडली. आता नाव. ता मला येतो. लि ची वेलांटी कापडावर वाकडी जाती. म्हणून कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या गौसियाकडून खडूनं काढून आणली. आधी शपथ घातली.
गौसिया म्हणली, खाला, ये तो इब्रानी नाव हाय, तुमचं ते हिब्रू. मुसा, मरियम, याकूब, समदे तिकडूनच आलेत. आमच्यात कधीचे चालू हायेत. तालिया तेवढं राहिलतं.
म्हणजे पंक्चरवाला याकूब हिब्रू निघाला! ह्यांची लुना तीस वर्षं त्याच्या हातात, पण त्यानं एका शब्दानं कळू दिलं न्हाई. गुपित ठेवावं तर असं.
गौसियाची लेक समिना शेजारी ब्लाउजला हुक लावत बसली होती. आठवा महिना. तिनं काही ऐकलं नसंल. ती हुक लावत होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
पूजेला बसले असताना एकदम सुचलं. हे नाव आपलं हाय हे लोकांना माहीतच नसलं, तर चुकून कुणी ठेवून बसंल. मग तालियाचं युनिक कसं राहणार? तेव्हा आधीच ताकीद दिलेली बरी. सांगणं वेगळं, ताकीद वेगळी.
दवाखान्याच्या आशाताईकडून पोटुशा बायांची यादी घेतली. अकरा निघाल्या. आज चार घरं झाली. सगळीकडं एकच वाक्य. बाई, पोरगी झाली तर तालिया सोडून काहीही ठेव.
एकीला तीनदा सांगावं लागलं, काय सोडून म्हणून. एकीनं तर कॅलेंडरवर लिहून घेतलं. लई जबाबदार पोरगी.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
तेलगावला जाऊन आले. तिथं माझी चुलतजाऊ बायडाबाई. तिला नात झाली, महिना उलटला तरी बिननावाची. असलं घर धोक्याचं. फोनवर असल्या गोष्टी बोलू नयेत, कुणीही ऐकतं. म्हणून जीपनं गेले.
जीपमध्ये चौदा माणसं. शेजारची म्हणली, कुठं निघाल्या आजी? खोटं बोलायची मला सवय न्हाई.
उतरताना ड्रायव्हर म्हणला, मावशे, नाव झकास हाय.
बायडाबाईनं पिठलं केलतं. म्हणली, अक्का, तुमचं बरं हाय. आमच्यात दोन्हीकडचे आजोबा हटून बसलेत, एक म्हणतो गिरिजा, एक म्हणतो पार्वती. म्हणलं, काहीही ठेवा, फक्त तालिया नको. अर्थही समजावून सांगितला, म्हणजे मोह झाला तर कशाचा होतोय ते तिला कळंल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
बायडाबाईचा फोन. अक्का, तुमच्यामुळं भांडण मिटलं! दोघा आजोबांना तिसरंच नाव पसंत पडलं.
घात.
पण तेलगाव काही केजमध्ये येत न्हाई. केजमध्ये अजून आपलीच एक.
दुपटं तुमच्याच हातचं पायजे म्हणली. आता मानानं मागितल्यावर न्हाई कसं म्हणायचं? भरून दिलं. दुसऱ्या खेपेला वेलांटी सरळ आली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
कॅलेंडरवाल्या पोरीला मुलगी झाली. मागल्या गल्लीतल्या एकीलाही. दोघींच्या सासवा दुपट्याला जुनी लुगडी घेऊन आल्या, वर तालियाच भरून मागितलं. लोकांना ताकीद नीट पोचली न्हाई, एवढाच अर्थ.
म्हणून महिला भजनी मंडळाच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. बायांनो, तालिया हे नाव आमच्या नातीचं हाय, हिब्रू हाय, अर्थ देवाचं दव, कुणीही ठेवू नये, आणि हा मेसेज गुप्त ठेवावा.
चाळीस अंगठे आले. बंदोबस्त झाला.

४ डिसेंबर, गुरुवार.
समिनाला मुलगी. तालिया. गौसिया म्हणली, खाला, नाराज नको व्हऊ, नाव तो आमच्याच खानदानाचं निघालं ना! याकूबच्या माणसांपुढं आमचा हक्क कच्चा पडतो.
तेलगावच्या जीपच्या मागं लाल अक्षरात तालिया. भाजीवालीच्या शेळीला दोन पिलं झाली, त्यातली पांढरी तालिया.
कोण फोडतंय हे? एकच माणूस असू शकतं. तडक छबुबाईकडं गेले आणि झाडलं. ती शेंगा फोडत होती. म्हणली, म्या कावून सांगू बाई? आणि पुन्हा शेंगा. एवढं कमी बोलणाऱ्या माणसावरच संशय घ्यावा.
निश्चय: आजपासून छबुबाईला काही सांगायचं न्हाई.

८ डिसेंबर, सोमवार.
आली! बाई गं, काय ते पाय! चण्याएवढी बोटं. जांभई दिली तर अख्खं घर बघत बसलं. ह्यांनी दुकान बंद केलं, जे आमच्या लग्नातही केलं नव्हतं.
शिवांजली हळूच म्हणली, आई, नाव कुणाला कळलं न्हाई ना? ते मी बारशाला ऐकवणार, सगळ्यांची तोंडं बघायचीत मला. म्हणलं, माझ्या तोंडून अवाक्षर न्हाई. तेव्हा मांडीवर कुणाचं तरी पाचवं दुपटं होतं. ते बुडाखाली सरकवून त्याच्यावर बसले. सुई होती त्याच्यात. तरी हूं का चूं केलं न्हाई.
मी किती गप्प राहू शकते, हे कुणाला दाखवायची सोय न्हाई.

१० डिसेंबर, बुधवार.
आमच्या बाळाची दीड महिन्याची लस, बाकीच्या तान्ह्यांना जन्माची लस द्यायचाही आजच दिवस. दवाखान्यात मी, शिवांजली आणि बाळ. नर्सबाईनं पुकारलं, तालिया!
चार बाया उठल्या.
नर्सबाई म्हणली, एकेकटी या, काय गंमत हाय का? चौघींच्या हातात माझीच दुपटी. साखळी टाका लांबून ओळखू येतो. कॅलेंडरवाली पोरगी हसून म्हणली, आजी, तुमची कृपा!
शिवांजलीनं रिक्षात विचारलं, आई, किती जणांना सांगितलं? म्हणलं, एकालाही न्हाई. नुसती ताकीद दिली.
ती रडली न्हाई. रडली असती तर समजूत तरी काढता आली असती.
घरी आलो तर छबुबाई बाळ बघायला दारात. शिवांजलीनं तिला विचारलं, मावशी, तुम्हाला कधी कळलं होतं नाव? छबुबाई म्हणली, पयल्याच दिशी. मग कुणाला सांगितलं? छबुबाई म्हणली, मला कुठं कुणी इचारलं?
शिवांजलीनं बाळ तिच्या मांडीवर दिलं. माझ्या न्हाई.

१२ डिसेंबर, शुक्रवार.
सगळं ठीक होणार! सोमेश्वर म्हणला, आई, नाव बदललं. परदेशी नावं आता गल्लोगल्ली झाली. पुण्यात जुन्या नावांची फॅशन आलीय. शिवांजलीला जवळच्याच एका म्हाताऱ्या बाईचं नाव आवडलंय. बारशालाच कळंल.
मला काय कळायचं राहिलं? जवळची. म्हातारी. बाई. घरात दुसरं हाय कोण? सूनबाईचं मन मोठं हाय. मीही तिला माफ केलं.
दार लावून तालिया उसवलं. भोकं राहिली. त्याच भोकांवरून माझं नाव भरलं, शांता. ह्यांनासुद्धा सांगितलं न्हाई. फक्त गौसियाला, कारण अनुस्वार कुठं बसतो ते विचारायचं होतं.

१४ डिसेंबर, रविवार. बारसं.
पाळण्याला झेंडूच्या माळा. घुगऱ्या शिजल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून माझी लेक वर्षाराणी वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मोठ्यानं म्हणली,
छबी!
बायांनी वर्षाराणीच्या पाठीत धपाटे घातले. लागले मला.
बाळ माझ्या दुपट्यात. वर ठळक शांता. सगळ्या बाया एकदा दुपट्याकडं बघायच्या, एकदा माझ्याकडं. गौसिया टाळ्या वाजवायला हात उचलून तशीच थांबली. हे कानाशी येऊन म्हणले, भिजला का तीळ?
छबुबाईला शिवांजलीनं पुढं बसवलं होतं. नाव ऐकून तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणली, बरं.

१५ डिसेंबर, सोमवार.
शिवांजलीनं दुपटं माझ्या हातात दिलं. म्हणली, आई, नीट भरून द्याल? म्हणजे अजून काहीतरी टाकतीय माझ्यावर. शांता उसवलं. कापडाची चाळण झालीय. छबी दोनच अक्षरं, पण वेलांटी पुन्हा वाकडी जातीय.
सकाळपासून बाया दारात. हे नाव कुणाचं, कुठलं, कावून ठेवलं? समोर छबुबाई शेंगा फोडत बसलीय. तिच्यावरूनच ठेवलंय हे एवढं मोठं, तरी तिनं अजून एकीलाही सांगितलं न्हाई.
मग मलाच सांगावं लागतंय. आशाताईच्या यादीतली सात घरं तशीही राहिली होती.